डब्ल्यू-८बेन भरताना घाई करू नकोस

अरे पहिला अमेरिकन क्लायंट मिळाला, अभिनंदन! त्यांनी टॅक्सचा फॉर्म मागितलाय म्हणून घाबरू नकोस, फक्त कुठला ते नीट बघ. डब्ल्यू-९ पाठवला असेल तर तो अमेरिकन लोकांचा, तो भरायचा नाही. आपण भारतात राहून एकट्याच्या नावावर काम करतो, आपल्याला डब्ल्यू-८बेन, म्हणजे अमेरिकन नसलेल्या व्यक्तीने भरायचा फॉर्म. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर फुकट मिळतो, भरून क्लायंटलाच द्यायचा, आयआरएसला नाही. फॉरेन टॅक्स नंबरच्या रकान्यात पॅन टाक आणि नाव पॅनवर आहे अगदी तस्संच लिही.

तारखेला मात्र जप, तिकडे महिना आधी येतो. माझी जन्मतारीख ७ नोव्हेंबर, मी सवयीने ०७-११ लिहिलं आणि फॉर्म परत आला, पेमेंट दोन आठवडे लटकलं, भाडं द्यायची वेळ होती रे, फार वाईट गेले ते दिवस.

फॉर्म नसेल तर क्लायंट ३० टक्के कापून ठेवू शकतो, म्हणून काम सुरू करायच्या आधीच देऊन टाक. २०२५ मध्ये सही केलेला साधारण २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, पण दुसऱ्या देशात राहायला गेलास तर नवा द्यावा लागू शकतो. आणि हो, इथला इन्कम टॅक्स यातून सुटत नाही, रिटर्न भरायचंच.