एएमटीच्या ॲक्चुएटरला हात लावण्याआधी
कास पठारावरच्या फुलांच्या हंगामात साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातल्या रांगेत अडकून आलेली एएमटी गाडी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी गाडी, दारात उभी राहिली, की ॲक्चुएटर (क्लच-गिअर हलवणारा भाग) लगेच खोलू नकोस. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेट घासते, जळका वास येतो. मालकाला आधी तेच विचार. मग बॅटरीचं व्होल्टेज बघ, अर्थिंग आणि कनेक्टर तपास.

सिस्टिम इलेक्ट्रो-हायड्रॉलिक, म्हणजे विजेच्या पंपानं तेलाच्या दाबावर चालणारी असेल, तर गाडी बंद असतानाही ॲक्युम्युलेटरमध्ये (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब साठलेला असू शकतो. स्कॅनरनं तो उतरवल्याशिवाय पाइप सोडायचा नाही, हे अगदी कळकळीनं सांगतोय रे. तेल घालायचं ते गाडीच्या कंपनीनं सांगितलेलंच. नवी प्लेट बसवलीस की स्कॅनरवर क्लच लर्निंग (नवा क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवणं) करून घे, नाहीतर नव्या प्लेटवरही गाडी गचके देईल.