लोकवर्गणीवर चालणाऱ्या प्राणी-निवाऱ्याकडे हिशेब मागता येतो का? नेमकं काय विचारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाबाहेरच्या निवाऱ्याला तुम्ही दरमहा पैसे पाठवता, इन्स्टाग्रामवर पिल्लांचे फोटो बघता, पण "यंदा किती कुत्री दगावली?" असं विचारलंत आणि त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं. आता हिशेब मागायचा हक्क आहे का, आणि मागायचा तर कशाचा?

हक्क आहे. फक्त पैशांच्या आधी जनावरांचा हिशेब मागा. मी एका छोट्या निवाऱ्याचं दप्तर बघते, म्हणून आतलं सांगते. पैशांचे कागद सीए नीट लावून देतो. खाद्य, औषधं, पगार, वीजबिल, सगळं बसतं. आत आलेल्या जनावराचं पुढे काय झालं, हे मात्र त्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

ते दिसतं आवक-जावक रजिस्टरमध्ये. आमच्या रजिस्टरमध्ये तारीख, टॅग नंबर, कुठून उचललं, कोणी कळवलं, नर की मादी, अंदाजे वय, आलं तेव्हाची अवस्था आणि उपचार असे रकाने आहेत. सगळ्यात शेवटी "निकाल". एक नोंद अशी आहे: "एसटी स्टँडमागे. मादी, वर्षाची. गळ्यात नायलॉन दोरी रुतलेली, जखमेत किडे." म्हणजे पिल्लू असताना कोणीतरी हौसेने दोरी बांधली, पिल्लू वाढलं आणि दोरी तेवढीच राहिली. पुढे ड्रेसिंगच्या तारखा, मग नसबंदी, रेबीजची लस. निकाल: "मूळ जागी सोडली." निकालाच्या रकान्यात सहाच गोष्टी येऊ शकतात: दत्तक गेलं, मूळ जागी सोडलं, मालकाला परत दिलं, दुसऱ्या संस्थेकडे पाठवलं, मेलं किंवा दयामरण दिलं.

आता साधं गणित. वर्षाच्या सुरुवातीला आत असलेली जनावरं, अधिक वर्षभरात आलेली, वजा बाहेर गेलेली आणि मेलेली. उरेल तेवढी डोकी आज आवारात मोजून भरली पाहिजेत. हा एक कागद मागा. ज्यांच्याकडे रजिस्टर आहे ते तासाभरात देतात. "आम्ही सेवा करतो, आकडे मोजत बसत नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. मोजत नसतील तर कोणाला कुठली लस कधी दिली हे तरी त्यांना कुठून कळणार?

मृत्यूच्या आकड्याला मात्र दचकू नका. "आमच्याकडे एकही मरत नाही" म्हणणाऱ्या निवाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. ट्रकखाली येऊन कणा मोडलेली कुत्री येतात, डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराने झटके येणारी येतात. आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. लस न झालेल्या पिल्लांचा एक आख्खा वेत दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि घरगुती फिनाइलला दाद देत नाही. त्याला ब्लीचसारखं काहीतरी लागतं. (शिवाय काही फिनाइलं मांजरांना विषारी असतात, पण बऱ्याच ठिकाणी मांजरांच्या खोलीतही तेच ओततात.) म्हणून सकाळची सफाई आधी निरोगी पिल्लांकडे, मग मोठ्या कुत्र्यांकडे आणि सगळ्यात शेवटी आजाऱ्यांकडे अशी करायची, तिथल्या चपला आणि खराटा वेगळा. भेटीला गेलात तर एवढंच विचारा: "नवीन आलेलं जनावर पहिले पंधरा दिवस कुठे ठेवता?" उत्तर देताना त्यांनी वेगळ्या जागेकडे बोट दाखवलं पाहिजे.

अमेरिकेत आलेल्यांपैकी ९० टक्के जनावरं जिवंत बाहेर पडली की निवाऱ्याला "नो-किल" (वाचण्यासारखं जनावर न मारणारा) म्हणायची पद्धत आहे. तो आकडा इथे लावू नका. तिथे घर बदललं म्हणून मालकांनी सोडलेली धडधाकट कुत्रीही निवाऱ्यात येतात. आपल्याकडे धडधाकट कुत्रं रस्त्यावरच असतं, निवाऱ्यात येतं ते बहुधा चिरडलेलं किंवा सडलेलं. त्यामुळे टक्केवारीपेक्षा मृत्यूचं कारण लिहिलंय का आणि दयामरणाच्या नोंदीवर पशुवैद्यकाची सही आहे का, हे बघा.

तुमचा निवारा पालिकेसाठी नसबंदी करत असेल तर गोष्ट बदलते. मग तो करदात्यांचा पैसा झाला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मान्यतेशिवाय हे काम करता येत नाही, आणि पालिकेच्या पातळीवर देखरेख समिती असावी लागते. शस्त्रक्रियेत काढलेले अवयवही मोजायचे असतात. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण खोट्या बिलांवर याच्याइतका उपाय दुसरा नाही. निवाऱ्याने नाही सांगितलं तर पालिकेत माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. किती शस्त्रक्रिया झाल्या, दर काय, किती बिल दिलं, शस्त्रक्रियेनंतर किती मेली आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, एवढं मागा.

पैशांचं आता थोडक्यात. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि दरवर्षीचं ऑडिट तिथे द्यावं लागतं. नोंदणी क्रमांक मागा. ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी, सवलत मिळते असं सांगत असतील तर आर्थिक वर्ष संपल्यावर तुम्हाला रीतसर प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर ती सवलत मुळातच नाही. आणि सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव कोणाचं येतं ते बघणं. संस्थेच्या नावाऐवजी एखाद्या दादाचं किंवा ताईचं नाव आलं तर तिथेच थांबा. माणूस भला असेलही, पण वैयक्तिक खात्यात गेलेल्या पैशांचं ऑडिट संस्थेचा सीए करत नाही. "ऑपरेशनला चाळीस हजार हवेत, पिल्लू उद्यापर्यंत टिकणार नाही" अशा पोस्टच्या बाबतीत नंतर दवाखान्याचं बिल मागा, आणि जास्त जमलेले पैसे कुठे वळवले तेही.

दुसरी बाजूही सांगते. गेट बंद ठेवायला कारणं असतात. पत्ता सगळ्यांना कळला की रात्री गेटवर बिस्किटाच्या खोक्यात पिल्लं येऊन पडतात, ती अनेकदा पार्व्हो घेऊनच. बाहेरचा माणूस आजाऱ्यांच्या पिंजऱ्यांतून फिरणं त्याच्या घरच्या कुत्र्यासाठीही बरं नाही. तरीही आठवड्यातून एक ठरलेली वेळ, कोणीतरी सोबत फिरून दाखवतंय, इतकं जमलंच पाहिजे. जागा भरली की "नाही" म्हणणाऱ्या निवाऱ्यावर लोक फेसबुकवर तुटून पडतात. माझ्या लेखी तोच भरवशाचा. वीस जणांच्या जागेत साठ कुत्री कोंबणाऱ्याचे व्हिडिओ जास्त चालतात, आतली मारामारी आणि खरूज व्हिडिओत येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे हा ताण वाढणार आहे, आणि क्षमता किती हा प्रश्न आता पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

कसं विचारायचं? कमेंटमध्ये नको. तिथे विचारलं की तो आरोप होतो आणि दोन्हीकडचे समर्थक धावून येतात. विश्वस्तांच्या नावे साधं पत्र किंवा ईमेल करा, वर सांगितलेला जनावरांच्या हिशेबाचा एक कागद मागा, पंधरा दिवस द्या. उत्तर नाही आलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालय आहे. जनावरांचे हाल होताना दिसले तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे लेखी तक्रार करा आणि पोलिसांतही द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे (हो, रुपयेच), तेव्हा शिक्षेची फार आशा धरू नका. पण लेखी तक्रार झाली की तपासणी होण्याची शक्यता वाढते.

तोवर दरमहाचे पैसे थांबवायचे असतील तर खुशाल थांबवा. आतल्या कुत्र्यांची उपासमार होईल असं वाटत असेल तर तांदळाची गोणी नेऊन द्या आणि पावती घ्या, किंवा ज्या डॉक्टरांकडे ते जनावरं नेतात तिथे एखाद्या टॅग नंबरचं बिल थेट भरा. दोन महिन्यांनी त्याच नंबरचं काय झालं ते विचारा.