आडनाव बदललेली मैत्रीण कशी शोधू?

प्रश्न : ताई, मी १९८७ च्या दहावीची, कराडची. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण, तिचे वडील एसटीत होते, निकाल लागल्यावर त्यांची बदली झाली आणि तेव्हापासून काही पत्ता नाही. मुलाने फेसबुकवर तिचं नाव टाकून बघितलं, शंभर जणी आल्या, त्यातली एकही ती नाही. गुगलवरही झालं करून. आता काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, तुम्ही माहेरचं नाव टाकून शोधताय आणि ती गेली पस्तीसेक वर्षं सासरच्या नावाने वावरत असणार, कदाचित लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं असेल, मग ती सापडणार कशी? मुली शोधायच्या असतील तर आधी त्यांचा भाऊ शोधायचा, हे माझं ठाम मत. त्याचं नाव, मधलं वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जिथल्या तिथे असतं. तिला भाऊ होता ना? त्याचं नाव आठवा, नाहीतर आईला विचारा, आयांना दुसऱ्यांच्या घरातलं सगळं पाठ असतं.

आता स्पेलिंगची भानगड. चव्हाण हे आडनाव इंग्रजीत कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू, कोणी मध्ये जादाचा एच घुसवतं, म्हणून सगळी रूपं टाकून बघा आणि देवनागरीतही बघा. गुगलवर पूर्ण नाव अवतरण चिन्हात टाका म्हणजे ते शब्द तसेच लागोपाठ असलेली पानं वर येतात. आणि हो, नाव उलटं करूनही टाका, आडनाव आधी, कारण आपल्याकडे निकालाच्या, नेमणुकीच्या, सोसायटीच्या याद्या तशाच असतात आणि त्यांच्या पीडीएफ नेटवर पडलेल्या असतात. बहुतेक जण इथेच चुकतात.

फेसबुकवर नुसतं नाव टाकून थांबू नका, सर्चमध्ये ‘पीपल’ वर जाऊन शहर आणि शिक्षणाचा फिल्टर लावता येतो. काही बायका प्रोफाइलमध्ये माहेरचं नावही घालतात, तेवढं नशीब असेल तर पहिल्याच फटक्यात काम होतं. प्रोफाइलला कुलूप असेल तर फोटो नीट दिसणार नाहीत, भारतात ही सोय २०२० पासून आहे आणि बायका ती वापरतात, बरंच आहे ते.

पण मी तुमच्या जागी असते तर शाळेचं नाव आणि ‘स्नेहमेळावा’ एवढंच टाकलं असतं. हल्ली दहावीच्या बॅचेस तीस-पस्तीस वर्षांनी फेटे बांधून, गुरुजनांना शाल-श्रीफळ देऊन पुन्हा वर्ग भरवतात, त्याची बातमी स्थानिक पेपरात येते, यूट्यूबवर व्हिडिओ चढतो. बातमीच्या शेवटी ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून नावांची रांग असते ना, ती आपण एरवी वाचत नाही, तीच तुमच्या कामाची. त्यातला एक जण जरी ओळखीचा निघाला तरी बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत पोचाल. शाळेच्या ऑफिसात जाऊन जनरल रजिस्टरमधला पत्ता मागू नका, देणार नाहीत आणि तो असेल १९८७ चाच.

सापडलीच तर मेसेज छोटा लिहा : ‘कराड, १९८७, दहावी, तिसरा बाक. तू तीच ना?’ सोबत निरोप समारंभाचा फोटो. अनोळखी माणसाचा मेसेज फेसबुकवर ‘मेसेज रिक्वेस्ट’ मध्ये जाऊन पडतो, तो लोक महिनोन्महिने उघडत नाहीत, तेव्हा लगेच रुसू नका.

प्रश्न : वर्गमित्र सापडला, दोन दिवस गप्पा झाल्या, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलचं बिल भरायला पंधरा हजार मागतोय. देऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा. आधी व्हिडिओ कॉल करा आणि शाळेतल्या शिपायाचं टोपणनाव विचारा. गडबडला किंवा कॉलच उचलला नाही तर तो तुमचा मित्र नव्हे, त्याच्या नावाचा खोटा अकाउंट आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.