'बधाई हो' आई-बाबांसोबत बघता येईल का? की सगळेच कानकोंडे होऊन बसतील?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत घरी जाणार आहात, आई-बाबांना काहीतरी हलकंफुलकं दाखवायचंय, पण 'पन्नाशीच्या बाईला दिवस जातात' एवढंच कथानक वाचून हात आखडला. शिवाय या वयात असं खरंच होतं का, असंही विचारलंय.

बघा, बिनधास्त बघा. खरं तर तुमची ही जी चुळबुळ चाललीय ना, सिनेमा तिच्यावरच आहे. तुमच्यासारखाच एक मुलगा त्यात आहे, नकुल नावाचा. आई-बाबांमध्ये 'तसलं' काही असू शकतं, हेच त्याच्या पचनी पडत नाही. ते काम आयुष्मान खुरानाने केलंय.

घर दिल्लीतलं, रेल्वेच्या कॉलनीतलं. वडील जीतेंदर कौशिक रेल्वेत टीसी, मनाने हळवे, फावल्या वेळात कविता करणारे. आई प्रियंवदा, घरातली हाक बबली. नकुल नोकरीला लागलेला, लग्नाच्या वयाचा, ऑफिसातल्या मुलीशी सूत जमलेलं. धाकटा गुल्लर अजून शाळेत. आणि या सगळ्यांच्या उरावर बसलेली आजी, जिला सुनेचं काहीच पसंत नाही. बबलीबाई दिवसभर सासूची बोलणी खातात. एका पावसाळी रात्री नवरा कविता वाचून दाखवून त्यांचा रुसवा काढतो. दिग्दर्शक अमित शर्मा त्या रात्री एवढंच दाखवतो. पुढे डॉक्टर काय ते सांगतात. म्हणजे तुम्हाला ज्याची धास्ती वाटतेय ते पडद्यावर जवळपास नाहीच. त्यातल्या त्यात टाळायचंच असेल तर नकुल आणि त्याच्या मैत्रिणीचे काही प्रसंग आहेत. ते सुरू झाले की चहा टाकायला उठा.

विनोदी सिनेमात गरोदरपण आलं की साधारण ठरलेला माल असतो: उलट्या, चिंचा, गोंधळलेला नवरा आणि शेवटी हॉस्पिटलकडे धावाधाव. इथे तसं होत नाही. पोटुशी बाई हा इथे विनोदाचा विषयच नाही. हसू येतं ते बाकीच्यांच्या तोंडांकडे बघून. शेजारी नाकं मुरडतात, पोरं तोंड लपवतात, नातेवाईक कुजबुजतात, आणि मधोमध ही दोघं गुन्हेगारासारखी उभी. गुन्हा काय, तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकमेकांवर जीव आहे!

जीतेंदर आपल्या आईला बातमी सांगतो तो प्रसंग नीट बघा. टीसी माणूस, गाडीत फुकट्यांना खडसावत असेल, पण आईसमोर शब्द घशात अडकतात. म्हातारीला आधी कळतच नाही. कळल्यावर तिचा पहिला सवाल पापपुण्याचा नसतो, 'तुम्हाला वेळ मिळाला कधी?' असा असतो. त्या एवढ्याशा घरात तिच्या नजरेतून सुटून हे झालंच कसं, याचाच तिला धक्का! आणि या सगळ्यात जीतेंदर झालेल्या गजराज रावचा चेहरा. मान खाली, खांदे पडलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात अगदी बारीकसं काहीतरी लपतं लपतं राहत नाही. लाजही आहे आणि थोडी ऐटही. एवढ्या एका हसण्यावर तो माणूस अख्खा सिनेमा पेलतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. ही लाज आपल्याकडे तरी फार जुनी नाही. आजीच्या पिढीत एकाच घरात लेक आणि आई मागेपुढे बाळंत व्हायच्या. माझ्या आजोळी सगळ्यात धाकटा मामा माझ्या थोरल्या मावसभावापेक्षा वयाने लहान आहे. भाचा मामाला अरेतुरे करतो आणि मुंजीत मात्र वाकून नमस्कार करतो. त्याच्यावरून घरात चेष्टा होते, पण आजीने मान खाली घालावी असं कधी कुणाला वाटलं नाही. थोरल्या मुलीचं पहिलं आणि स्वतःचं शेवटचं बाळंतपण तिने एकाच बाळंतिणीच्या खोलीत काढलं. (ते सुखाचं होतं असं मी म्हणत नाहीये. त्या बायकांना कुणी विचारत नव्हतं आणि त्यांच्या शरीराचं पार चिपाड व्हायचं. पण तो त्रास होता, लाज नव्हती.)

मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, दोन मुलांचं कुटुंब आलं, घरं लहान झाली. चाळिशीच्या आत मुलांचा विषय आटोपायला लागला आणि मुलांच्या डोक्यात हळूहळू असं बसलं की आईवडिलांमधलं नवरा-बायकोपणही तिथेच आटोपलं. पुढे ते फक्त डबा करणारी आणि वीजबिल भरणारा. नकुलला राग येतो तो याच समजाला तडा गेल्यामुळे. ही काय आई-बापांनी करायची गोष्ट आहे, असं तो चक्क बोलून दाखवतो आणि बोलताना त्याला स्वतःला त्यात काही विचित्र वाटत नाही. तो स्वतः मैत्रिणीच्या घरी काय करायला गेलेला असतो ते बघा म्हणजे गंमत कळेल.

आजीचं काम सुरेखा सिक्रींचं आहे. 'बालिका वधू'तली दादीसा आठवत असेल तुमच्या आईला. अर्धा सिनेमा ही म्हातारी सुनेला घालूनपाडून बोलते, आणि आपण हसत असतो. मग नात्यातल्या लग्नासाठी मंडळी मेरठला जातात. पोरं लाजेपायी येत नाहीत. तिथे थोरली सून आणि लेक बबलीला टोमणे मारायला लागतात आणि म्हातारी उसळते. आजारपणात माझं अंथरुणातलं सगळं कुणी काढलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात, हा तिचा सवाल. तोपर्यंत जी सून तिच्या डोळ्यांत सलत होती, तिची ती भर मांडवघरात बाजू घेते. गंमत अशी की ती तेव्हाही सुनेशी गोड बोलत नाही. समजूतदार सासू होऊन गळ्यात पडणं वगैरे काही नाही. आहे तशीच खवट राहून ती न्यायाचं बोलते. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या अशाच असतात, म्हणून ते पटतं. या कामासाठी सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो घ्यायला त्या 2019 च्या डिसेंबरमध्ये व्हीलचेअरवरून आल्या होत्या आणि सभागृह उठून उभं राहिलं होतं. 2021 च्या जुलैत त्या गेल्या.

बबलीचं काम करणाऱ्या नीना गुप्तांबद्दलही एक सांगते. 2017 मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर उघडपणे लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिकांच्या शोधात आहे. वर्षभराने, 18 ऑक्टोबर 2018 ला, हा सिनेमा लागला. त्यांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं आणि पडद्यावरचा नवरा त्यांच्यापेक्षा प्रत्यक्षात बारा-एक वर्षांनी लहान. एरवी आपल्याकडे नायक बापाच्या वयाचा आणि नायिका लेकीच्या वयाची असते, तेव्हा कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. इथे उलटं होतं आणि बघताना एकदाही खटकत नाही.

सगळंच छान आहे असं नाही. मध्यंतरानंतर नकुलच्या प्रेमप्रकरणाला फार जागा दिलीय. मुलीची श्रीमंत, इंग्रजाळलेली आई (शीबा चड्ढा) काम चोख करते, पण तिला लिहिलंय मात्र मध्यमवर्गीयांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून. आणि माझी मोठी तक्रार बबलीबद्दल आहे. मूल ठेवायचं हा निर्णय ती घेते, नवरा तिच्यावर सोडतो, हे उत्तमच. पण त्या निर्णयाला सिनेमा जेमतेम दोन-चार वाक्यं देतो. पाडणं म्हणजे पाप, झालं. तिला भीती वाटते का, या वयात पुन्हा रात्र रात्र जागायला तिचं मन तयार आहे का, पाठ दुखते का, पाय सुजतात का? पोरांच्या लाजेला दोन तास आणि आईच्या शरीराला दोन मिनिटं, असा काहीसा हिशोब झालाय. दिग्दर्शक जाहिरातींच्या जगातून आलेला आहे, प्रसंग थोडक्यात आणि नेमका मांडायची हातोटी त्याच्याकडे आहे. पण तीच सवय इथे आड आली असं मला वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न, खरंच होतं का? होतं. क्वचित होतं, पण होतं. पन्नाशीकडे झुकताना पाळी मागेपुढे व्हायला लागते, कधी दोन-तीन महिने येतच नाही. बाईला वाटतं, सुटलो एकदाचे. पण बीज तयार होणं तेवढ्याने थांबलेलं नसतं. म्हणून पन्नाशीनंतर शेवटची पाळी येऊन गेल्यावर पूर्ण वर्षभर आणि त्याआधीच पाळी गेली तर दोन वर्षं दिवस जाऊ नयेत म्हणून काळजी घ्यायला सांगतात. पाळी चुकली ती वयामुळेच, असं धरून चालल्याने अशा वेळी दिवस गेल्याचं लक्षात यायलाच उशीर होतो. या वयात आपोआप गर्भपात होण्याची शक्यता, रक्तदाब, मधुमेह, बाळातले गुणसूत्रांचे दोष हे सगळे धोके वाढतात. सिनेमा आला तेव्हा 1971 च्या कायद्याप्रमाणे गर्भपाताला 20 आठवड्यांची मर्यादा होती. 2021 च्या दुरुस्तीने ती काही ठरावीक परिस्थितींत 24 पर्यंत गेली. तेव्हा उशिरा कळलेल्या बाईला विचार करायला वेळ किती उरत असेल ते बघा. यावरही एक वेगळा सिनेमा होईल, पण तो हसवणारा नसेल.

आई-बाबांना हिंदी नको असेल तर त्याच वर्षी डिसेंबरात आलेला 'मुंबई-पुणे-मुंबई 3' आहे. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. तिथेही दिवस अनपेक्षित जातात, पण जोडपं तरुण आहे. तयार नसतात ते हे दोघंच. 'आता मूल कधी' असं विचारणाऱ्या लोकांच्या घरात तो बघायला हरकत नाही, पण तुम्ही अविवाहित किंवा नुकतेच लग्न झालेले असाल तर नंतरचा विषय कुठे जाईल याची जबाबदारी माझी नाही.

आणि शोधताना नाव नीट वाचा. 'बधाई दो' नावाचा 2022 चा वेगळा सिनेमा आहे, राजकुमार राव आणि भूमी पेडणेकरचा. त्यात समलिंगी मुलगा आणि समलिंगी मुलगी घरच्यांची कटकट टाळायला एकमेकांशी लग्न करतात. तोही चांगला आहे, पण घरी कल्पना न देता चुकून तो लावलात तर दिवाळीतल्या गप्पा जरा लांबतील.