अठराव्या शतकात स्वतः गाणी रचून स्वतःच गाणारी एखादी स्त्री होऊन गेली का?

हो, होऊन गेली, आणि तीही आपल्या शेजारीच, हैदराबादेत. माहलका बाई. जन्म 1768, मृत्यू 1824. कविता लिहिताना ती 'चंदा' हे नाव घेई.

तिचं आजोळ मूळचं गुजरातचं. घर उद्ध्वस्त झाल्यावर आजी मुलींना घेऊन बाहेर पडली. त्या मुली भगत म्हणवणाऱ्या फिरत्या कलावंतांच्या फडात गाणं-नाचणं शिकल्या आणि माळवा, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद असं करत निजामाच्या लष्करामागून हैदराबादेत पोचल्या. त्यांतलीच एक राज कुंवर, चंदाची आई. गाणं अशा वाटेनं घरात आलेलं. पुढे खुशहाल खान 'अनूप' या दिल्लीकडच्या कलावंत घराण्यातल्या उस्तादाकडे चंदाची पक्की तालीम झाली.

तिची ओळख 'निजामाच्या दरबारातली तवायफ' एवढ्यावरच उरकतात, ते मला फार खटकतं. निजाम अली खानानं तिला जहागीर दिली, मोहिमांवर सोबत नेलं, हे सगळं खरंच आहे. पण ती आजही वाचली जाते ती तिच्या रचनांमुळे. तिचा हा शेर पाहा:

गुल के होने की तवक़्क़ो पे जिए बैठी है
हर कली जान को मुट्ठी में लिए बैठी है

आपण फूल होऊ, या आशेवर प्रत्येक कळी जीव मुठीत धरून बसली आहे. मिटलेल्या कळीचा आकारच मुठीसारखा. डोळ्यांसमोरची साधी गोष्ट, पण ती शेरात अशी बसवायला नजर लागते. आणि मोठ्यानं म्हणून बघा, 'जिए बैठी है', 'लिए बैठी है' यावर आवाज आपोआप ठेहराव घेतो. गायच्या गळ्यानं लिहिलेली ओळ आहे ही.

तिच्या दीवानात, म्हणजे गझलांच्या संग्रहात, 125 गझला आहेत, प्रत्येक पाच शेरांची. मैफलीत मांडायला नेमकी बेताची लांबी, असं मला वाटतं. त्यात पाच या आकड्यामागे श्रद्धाही असणार, कारण शिया परंपरेत पंजतन, म्हणजे पाच पवित्र व्यक्ती, फार मोठ्या मानल्या जातात. प्रियकराची तक्रार करता करता गझल शेवटच्या शेरात हजरत अलींच्या पायाशी येते. शृंगार आणि भक्ती अशी एका श्वासात येणं मराठी वाचकाला परकं वाटू नये.

हा दीवान 1798 मध्ये तयार झाला. पहिला दीवान रचणारी उर्दू कवयित्री म्हणून बरीच वर्षं चंदाचंच नाव घेतलं जायचं. पुढे दख्खनमधल्याच लुत्फुन्निसा 'इम्तियाज' यांचा दीवान त्याच्या एक वर्ष आधीचा निघाला. त्यानं चंदाचं मोल तसूभरही कमी होत नाही. उलट इथे अशा बायका एकाच वेळी दोन होत्या, याचा मला आनंदच आहे.

18 ऑक्टोबर 1799 ला एका नाचाच्या मैफलीत चंदा स्वतः मुख्य कलावंत होती, आणि मैफल रंगात असतानाच तिनं दीवानाची एक प्रत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन जॉन माल्कमला नजराणा म्हणून दिली. तशी नोंद त्या प्रतीवरच आहे. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. (महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तोच हा माल्कम, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला.) नाचणाऱ्या बाईनं बक्षीस घ्यायचं असा रिवाज. इथे तिनं दिलं, आणि दिलं ते स्वतः लिहिलेलं पुस्तक.

त्या काळी चाली कागदावर उतरवायची रीत नव्हती, त्या गळ्यातून गळ्यात जात. त्यामुळे चंदा कशी गायची हे आपल्याला ऐकता येणार नाही, पण शब्द मात्र वाचता येतात. देवनागरीतही तिच्या गझला मिळतात. आधी कळीच्याच गझलेनं सुरुवात करा. हैदराबादला गेलात तर मौला अली टेकडीच्या पायथ्याशी जरूर जा. आईसाठी तिनं 1792 मध्ये मकबरा बांधला होता, तिथेच तीही विसावली आहे.