पीएच.डी. आधी, की रुग्णालयातले प्रशिक्षण आधी?

प्रश्न : मी सोलापूरची रहिवासी असून मानसशास्त्रात एम.ए. केले आहे आणि सध्या एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होऊन रुग्णांवर उपचार करण्याची इच्छा असल्याने चिकित्सा मानसशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज करण्याचे ठरवले आहे. ‘विडी कामगार महिलांमधील ताणतणाव’ असा विषय मनात आहे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा)? नोकरी सांभाळून हे जमेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : परीक्षेचा विचार करण्याआधी एक गोष्ट तुम्ही नीट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. केवळ पीएच.डी. मिळवल्याने आपल्या देशात कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेले प्रशिक्षण पूर्ण करून परिषदेच्या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील व्याख्याही अशाच मान्यताप्राप्त प्रशिक्षणावर उभी आहे आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. विद्यापीठाची पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. ती घेतल्यावर नावामागे ‘डॉ.’ लागेल, परंतु दवाखान्याच्या पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असे लिहिण्याचा अधिकार तिच्यातून मिळणार नाही. चार-पाच वर्षे खर्ची पडल्यावर हे कळणे फार क्लेशदायक ठरते.

आजवर या व्यवसायाचा नेहमीचा मार्ग म्हणजे रुग्णालयात राहून करायची दोन वर्षांची एम.फिल. २०२२ च्या नियमावलीने विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ही पदवीच बंद केली आणि चिकित्सा मानसशास्त्राला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच सवलत दिली. त्यामुळे आता परिषदेच्या मान्यतेने चालणारे इतर अभ्यासक्रम, विशेषतः साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी), पाहावे लागतील. साय.डी. हीदेखील डॉक्टरेटच आहे, पण तिचा भर मार्गदर्शनाखाली रुग्ण तपासण्यावर आणि उपचार करण्यावर असतो. तुमच्या पत्रातील इच्छा पाहता मला हाच मार्ग तुमचा वाटतो. मात्र ज्या संस्थेत अर्ज कराल, त्या संस्थेची त्या वर्षाची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. माहितीपत्रकातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबून राहू नका.

संशोधनाचीच ओढ असेल, तर प्रवेशाचे नियम सरळ आहेत. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. राखीव व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत मिळते. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरले जात असल्याने नेट जरूर द्यावी. पेटच्या प्रश्नपत्रिकेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, तेव्हा विस्मरणात गेलेली संख्याशास्त्राची वही पुन्हा काढावी लागेल. खरी अडचण बहुधा जागांची असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. म्हणून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात किंवा अन्यत्र अर्ज भरण्यापूर्वी कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे आणि त्यांचे स्वतःचे काम कशावर आहे, याची चौकशी करा.

आता विषयाकडे वळू. तुमची निवड मला अतिशय मोलाची वाटते, परंतु ‘ताणतणाव’ एवढ्यावर संशोधन आराखडा उभा राहत नाही. नेमके काय मोजणार, कोणात आणि कशाने, हे मुलाखतीत विचारले जाईल. आपल्या शहरातील विडी वळणाऱ्या असंख्य स्त्रिया घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी. मराठीत भाषांतरित केलेली नैराश्याची प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली, तर उत्तरे मिळतील, पण ती विश्वासार्ह असतील का? शिवाय मनाचा त्रास अनेकदा अंगदुखी, धडधड, झोप न लागणे अशा शारीरिक तक्रारींतून सांगितला जातो, आणि दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईचे अंग कामामुळेही दुखतेच. मग कोणती तक्रार कशामुळे, हे वेगळे कसे काढणार? माझ्या मते खरा संशोधन प्रश्न इथेच आहे. एखाद्या चाचणीचे तेलुगूभाषक विडी कामगार स्त्रियांसाठी रूपांतर करणे, दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करून ते पडताळणे आणि तिची विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यास तसेच उत्तर येते का) व यथार्थता (जे मोजायचे तेच मोजते का) तपासणे, एवढाच विषय घेतला तरी तो पीएच.डी.ला पुरेसा आहे आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाच्या उपयोगी पडेल. मूळ चाचणी वापरण्याची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता यांना लागणारा वेळ आराखड्यात धरायला विसरू नका.

नोकरीबद्दल सांगायचे, तर संस्थेचे ना-हरकत पत्र असल्यास पीएच.डी. अर्धवेळ करता येते, मात्र तिला किमान तीन वर्षे लागतातच. परिषदेचे प्रशिक्षण पूर्णवेळ असते. त्यासाठी शाळेतील नोकरी सोडावी लागेल आणि बहुधा सोलापूरही. त्या खर्चाचा हिशेब घरच्यांसोबत बसून आताच मांडा.