बॉइसीला येताय आणि मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळायचाय, तर हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागेना म्हणून लिहायला बसले. मिस्टरांचं काम इथं अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइसीला निघालंय, मुलगा नववीत जाईल, कोल्हापुरात कबड्डी खेळतो, अंगानं दांडगा आहे, बॉइसीच्या कॉलेजातून मोठा झालेल्या लेटन व्हँडर एश या फुटबॉलपटूचे व्हिडिओ बघून म्हणतोय मी पण तिथं वॉक-ऑन, म्हणजे बिनस्कॉलरशिपचा खेळाडू, होणार, तर असं खरंच होतं का आणि कॉलेजची फी माफ होते का, असं विचारलंय तुम्ही. व्हिसा, घरभाडं, पगार हे सगळं कंपनीवाले सांगतील, मी त्यात शिरत नाही.

होतं, ताई. त्या मुलाच्या बाबतीत झालं. रिगिन्स नावाचं गाव आहे, बॉइसीपासून उत्तरेला गाडीनं तीनेक तास, सॅमन नदीच्या काठाला, वस्ती चारशेच्या आसपास, गावाच्या पुढचा पूल ओलांडला की घड्याळ एक तास मागं करायचं, इतकं ते एका कडेला आहे. आम्ही एकदा मुद्दाम जाऊन आलो. शाळा एवढीशी की अकरा मुलांची टीमच उभी राहत नाही, आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतात. तिथून हा मुलगा २०१४ मधे बॉइसी स्टेट युनिव्हर्सिटीला आला, स्कॉलरशिप नाही, वॉक-ऑन म्हणून, म्हणजे टीममधे उभं राहायची परवानगी आहे पण फी तुमची तुम्ही भरा. पहिलं वर्ष रेडशर्ट, नुसती प्रॅक्टिस, मॅच नाही. मग थोडं थोडं खेळायला मिळालं, २०१६ मधे मान दुखावली आणि बऱ्याच मॅच बाहेर बसून काढल्या. आणि २०१७ च्या एका सीझनमधे १४१ टॅकल, म्हणजे इतक्या वेळा समोरच्याला धरून पाडलं, आणि माउंटन वेस्ट या कॉलेजांच्या गटातला डिफेन्सचा, म्हणजे बचावाचा, सर्वोत्तम खेळाडू. तो लाइनबॅकर, म्हणजे तुमच्या मुलाला सांगायचं तर कबड्डीतला कव्हर समजा, पुढच्या फळीच्या मागं उभा राहून समोरचा कुठं वळणार ते आधी ओळखायचं आणि मग अंगावर घ्यायचं. सहा फूट चार इंच, २५६ पाउंड, म्हणजे ११६ किलो. एक वर्ष शिल्लक असताना कॉलेज सोडलं, आणि २०१८ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजची मुलं निवडतात त्यात, डॅलस काउबॉइजनी एकोणिसाव्या नंबरवर उचलला, ड्राफ्टसुद्धा त्यांच्याच स्टेडियममधे, आर्लिंग्टनला होता. पहिल्याच वर्षी प्रो बोल, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत नाव. तेव्हा इथं बॉइसीत त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

पण ही गोष्ट इथं नेहमी मेहनतीची गोष्ट म्हणून सांगतात आणि माझं तिथंच अडतं. मेहनत होतीच, कोण नाही म्हणतंय. पण त्या पोराचं अख्खं गाव त्याला लहानपणापासून ओळखत होतं, कोच ओळखत होते, कुठल्या कागदावर त्याला मी कोण हे सिद्ध करावं लागलं नाही. क्ले मॅथ्यूजचं तर अजूनच वेगळं, तोही लाइनबॅकर, तोही यूएससी या कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटीत वॉक-ऑन, २००९ मधे ग्रीन बे पॅकर्सनी सव्विसाव्या नंबरवर घेतला, पण वडील एनएफएलमधे १९ सीझन खेळलेले आणि आजोबाही खेळलेले. आपल्या मुलांचं तसं नसतं ना ताई. आपली मुलं ऑगस्टच्या शेवटी विमानातून उतरतात आणि इथला फुटबॉल जूनमधेच वेट रूममधे सुरू झालेला असतो.

माझ्या मुलाचं सांगते. सांगलीहून आलो तेव्हा चौदा वर्षांचा. शाळा सोडल्याचा दाखला दिला, त्यात जन्मतारीख, जात, वर्तणूक चांगली, सगळं होतं, पण इथं क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाच्या तासांवरून मिळणारे गुण, लागतात आणि टक्क्यांचे क्रेडिट कसे करायचे हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. नववी झालेली असून परत नववीत बसवला. लसीचं कार्ड नगरपालिकेच्या दवाखान्यातलं, पेनानं लिहिलेलं, अर्धं मराठीत, ते चालेना. आणि एक फॉर्म येतो, घरात कुठली भाषा बोलता. मी मराठी लिहिलं. खरं तेच लिहिलं आणि आजही तेच लिहीन. त्यावरून मुलाला इंग्रजीच्या परीक्षेला बसवलं, आयुष्यभर इंग्लिश मीडियममधे शिकलेल्या मुलाला, आणि निकाल येईपर्यंत इंग्रजीच्या जादा तासाला टाकलं, आणि तो तास नेमका वेट ट्रेनिंगच्या वेळेत. खेळायला डॉक्टरच्या सहीचा फिजिकलचा फॉर्म लागतो, तर इन्शुरन्सचं कार्ड आलेलं नाही. सगळं जुळेपर्यंत सीझन संपला होता. पुढच्या वर्षी ज्युनिअर टीमला लाइनबॅकर म्हणून घेतला, प्रॅक्टिसला कधी चुकला नाही, पण बाकीची मुलं चौथीपासून पॅड घालून खेळलेली आणि कोचनी त्यांनाच उतरवलं. त्यानं तक्रार केली नाही. मलाच तो जादा तास अजून टोचतो. त्यामुळं पुढचं सगळं गेलं असं मी म्हणू शकत नाही, तो कदाचित तसाही बेंचवर बसला असता, पण ते बघायची संधी एका फॉर्मनं घेतली आणि त्याबद्दल आम्हाला कुणी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

आता तो कॉलेजात आहे, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करतो, खेळत नाही. शनिवारी मॅच असली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो, बॉइसी स्टेटचं ते निळं मैदान असतं, आणि स्क्रीनवर नवीन वॉक-ऑन पोरगं आलं की तो त्याचं नाव, गाव, वजन सगळं मला सांगतो. मी ऐकते. त्याला अजून खेळायचं होतं का हे मी विचारलेलं नाही.

एकटेपणाबद्दल सगळे विचारतात. होतो, पहिल्या हिवाळ्यात जास्त होतो, मग माणसं भेटतात.

फीचं मात्र नीट ऐका. वॉक-ऑनला फी माफ नसते, स्कॉलरशिप मिळाली तर नंतर. आणि आता ती वाटच अरुंद झालीय. पूर्वी मोठ्या कॉलेजांत फुटबॉलच्या ८५ स्कॉलरशिप असायच्या आणि वॉक-ऑन धरून टीम त्याहून बरीच मोठी असायची. जून २०२५ मधे कोर्टानं एनसीएएची, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेची, खेळाडूंशी झालेली तडजोड मंजूर केली, आणि ज्या कॉलेजांनी ती घेतली तिथं टीममधे फक्त १०५ मुलं. कुणाची जागा जाणार हे उघड आहे. शिवाय एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या बायकोमुलांच्या व्हिसावर, मुलाला कमाई करता येत नाही, एकवीस पूर्ण झाले की एच-४ संपतो, मग बहुतेक एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, आणि त्याच्यावर जाहिरातीबिहिरातींचे पैसे, जे २०२१ पासून इथल्या खेळाडूंना मिळतात, ते घेणं फार अवघड. ग्रीन कार्डची आपल्या लोकांची रांग तुम्हाला माहीतच आहे. म्हणून फी माफ होईल असं धरून संसाराचा हिशोब मांडू नका.

आणि आई म्हणून एक. व्हँडर एशची मान परत परत दुखावली, जानेवारी २०२० मधे ऑपरेशन झालं, २०२३ मधे पुन्हा लागलं, मार्च २०२४ मधे त्यानं खेळ सोडला, तेव्हा वय २८. हे मुलाला आत्ताच सांगा, लपवू नका. तरी तो खेळतो म्हणाला तर खेळू द्या, मी तरी देईन.

तिकिटं ऑगस्टची काढली असतील तर जूनची होतात का बघा, मिस्टर नंतर आले तरी चालेल. शाळेच्या लेटरहेडवर प्रत्येक विषयाचे वर्षाचे तास इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. लसींच्या तारखा डॉक्टरकडून इंग्रजीत नव्यानं लिहून घ्या. मी बॉइसीच्या शेजारी मेरिडियनला राहते, शाळेच्या ऑफिसात जाताना सोबत हवी असेल तर सांगा, सुट्टी काढून येईन, ते फॉर्म मला पाठ आहेत.